प्रवेशाच्या दिवशीचे नियम, मोजणीच्या दिवशीचे नियम

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडाने ‘एक्सप्रेस एंट्री’ची, म्हणजे गुणांवर कुशल कामगार निवडण्याच्या पद्धतीची, एक फेरी काढली. १२०० गुणांच्या या पद्धतीत त्याआधी साधारणपणे साडेचारशेच्या पुढे असलेल्यांनाच बोलावणं येत असे. त्या दिवशी कट-ऑफ लागला ७५चा, आणि २७,३३२ जणांना एका झटक्यात कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याचं निमंत्रण गेलं. कोविडमुळे सीमा बंद होत्या आणि वर्षाचं उद्दिष्ट तर गाठायचं होतं, म्हणून जे आधीच देशात होते आणि तिथे वर्षभर कुशल काम करून बसले होते, त्यांना सरकारने जवळपास सरसकट आत घेतलं.

आता त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन वर्षांच्या डिप्लोम्याला गेलेल्या मुलाचा विचार करा. २०२३मध्ये शिक्षण संपलं, नोकरी शोधण्यात काही महिने गेले, वर्षभराचा अनुभव पदरी पडेपर्यंत २०२४ संपत आलं. २०२५मध्ये कॅनडातला अनुभव असलेल्यांसाठी ज्या फेऱ्या निघाल्या, त्यांचे कट-ऑफ पाचशेवीसच्या आसपास आणि पुढे, एकदा तर ५४७वर होते. मुलाच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. ज्या नियमांवर भिस्त ठेवून घरच्यांनी शैक्षणिक कर्ज काढलं, ते नियम त्याची मोजणी होण्याआधीच बदलले होते.

परदेशात शिकून तिथेच पीआर, म्हणजे कायम वास्तव्य, मिळवू पाहणाऱ्यांच्या करिअरचा सगळा पेच या अंतरात आहे. अभ्यासक्रम आज निवडायचा आणि त्याचा हिशेब चार-पाच वर्षांनी व्हायचा. मधल्या काळात निवडणुका होतात, घरभाडी वाढतात, मंत्री बदलतात. म्हणून माझं मत ठाम आहे: गुणांचा तक्ता समोर ठेवून व्यवसाय निवडू नये. व्यवसाय असा निवडावा, की तक्ता बदलला तरी त्याला बाजारात किंमत राहील. आणि मग त्या व्यवसायाच्या चौकटीत राहून गुणांचं नियोजन अगदी काटेकोर करावं. बरीच मुलं नेमकं उलट करतात. व्यवसाय तक्त्यावरून ठरवतात आणि गुणांचं नियोजन मात्र वर्क परमिट संपायला सहा महिने उरल्यावर सुरू करतात.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. ऑस्ट्रेलियात याची मोठी किंमत भारतीय मुलांनी आधीच मोजली आहे. २००५च्या सुमारास तिथल्या मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत स्वयंपाकी आणि केशकर्तन ही कामं आली. यादीतल्या व्यवसायाचं शिक्षण घेतलं की गुण वाढत आणि पीआरची वाट मोकळी होत असे. मेलबर्न-सिडनीत कुकरी आणि हेअरड्रेसिंग शिकवणारी खासगी कॉलेजं पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. आयुष्यात कधी हॉटेलच्या भटारखान्यात उभं राहायची इच्छा नसलेली पदवीधर मुलं तिथे दाखल झाली. त्या व्यवसायात ९०० तास काम केल्याचा दाखला लागे. तो विकत देणारेही निपजले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी इमिग्रेशनमंत्री क्रिस इव्हान्स यांनी ती यादीच रद्द केली आणि जुलैपासून १८१ व्यवसायांची नवी यादी लागू झाली. स्वयंपाकी आणि केशकर्तनकार त्यात नव्हते. हजारो मुलं अर्ध्या वाटेवर अडकली. ज्यांना खरोखरच शेफ व्हायचं होतं, त्यांच्या हातात निदान कसब तरी उरलं. बाकीच्यांकडे उरलं ते कर्ज आणि उपयोगाचं नसलेलं प्रमाणपत्र.

आता कॅनडाचं गणित जवळून पाहू. मराठी घरांत सध्या सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याचबद्दल आहेत. समजा मुलगी २७ वर्षांची, अविवाहित, कॅनडातलं मास्टर्स झालेली, आयईएलटीएसमध्ये उत्तम गुण म्हणजे तिथल्या मोजपट्टीवर नववी पातळी, आणि एक वर्षाची कुशल नोकरी. वयाचे ११०, मास्टर्सचे १३५, इंग्रजीचे १२४, कॅनडातल्या एका वर्षाचे ४०. शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे ५०. कॅनडात शिकल्याचे ३०. बेरीज ४८९. याच मुलीने मास्टर्सऐवजी भारतातल्या पदवीवर दोन वर्षांचा डिप्लोमा केला असता, तर बेरीज ४६७ झाली असती. म्हणजे मास्टर्स केलं काय किंवा डिप्लोमा केला काय, फरक फक्त २२ गुणांचा, आणि २०२५च्या त्या फेऱ्यांसाठी दोन्ही अपुरे.

मग कमी कुठे पडलं? भारतातला अनुभव नव्हता, तिथे. परदेशातल्या कुशल कामाची एक किंवा दोन वर्षं असतील, तर याच मुलीला ३८ गुण वाढून मिळतात. तीन वर्षं असतील तर ५०. म्हणजे ४८९चे ५३९. आणि वय? बावीसाव्या वर्षी इंजिनीअर झाली, तीन वर्षं पुण्यात किंवा मुंबईत नोकरी केली, पंचविसाव्या वर्षी गेली, सत्ताविसाव्या वर्षी मास्टर्स संपलं, अठ्ठाविसाव्या वर्षी कॅनडातलं एक वर्ष पूर्ण झालं. वयाचे पूर्ण ११० गुण विसापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मिळतात, तिशीपासून ते दरवर्षी पाच-सहा गुणांनी घसरतात. म्हणजे तीन वर्षं थांबूनही वयाचा एक गुणही गेला नाही. निकाल लागल्याबरोबर मुलाला विमानात बसवायची घाई करणाऱ्या पालकांनी ही बेरीज एकदा कागदावर मांडावी. शिवाय त्या तीन वर्षांत मुलाला आपल्याला कोणतं काम जमतं आणि कोणतं आवडतं हे कळतं, ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

फ्रेंचचं प्रकरण तर आपल्या डोळ्यांसमोर असून आपण पाहत नाही. पुण्या-मुंबईच्या ज्युनिअर कॉलेजांत टक्केवारी वाढावी म्हणून फ्रेंच घेणारी मुलं वर्षानुवर्षं आहेत. बारावी झाली की पुस्तकं रद्दीत जातात. कॅनडात फ्रेंचची सातवी पातळी गाठली, म्हणजे साधारण बी-टू, आणि सोबत इंग्रजी चांगलं असलं, तर वरच्या मुलीला ६२ गुण अधिक मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. २०२५मध्ये त्यांचे कट-ऑफ ३७९ ते ४८१ या दरम्यान होते. म्हणजे हे ६२ गुण धरले, तर ४६७वाली डिप्लोम्याची मुलगीही त्यांतल्या प्रत्येक फेरीत आत गेली असती. बी-टू हे काम काही महिन्यांच्या क्रॅश कोर्सचं नाही. नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं तरी नेटाने द्यावी लागतात. पण आलियांस फ्रान्सेज पुण्यातही आहे आणि मुंबईतही, रानडे इन्स्टिट्यूटचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, आणि हा अभ्यास इथे बसून, रुपयांत करता येतो. भाषा अंगात मुरली की सरकार बदललं तरी ती तुमच्याकडेच राहते.

खास गटांच्या या फेऱ्या २०२३मध्ये सुरू झाल्या: फ्रेंच, आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरीचे व्यवसाय, वाहतूक, शेती. त्यांच्या याद्या किती चंचल आहेत ते पाहा. फेब्रुवारी २०२५मध्ये वाहतूक वगळली गेली, शिक्षण आलं. तंत्रज्ञानाच्या यादीतून सॉफ्टवेअर इंजिनीअर आणि डेटा सायंटिस्ट गेले; सिव्हिल, इलेक्ट्रिकल, इंडस्ट्रियल इंजिनीअर मात्र यादीत राहिले आणि मेकॅनिकल नव्याने आले. अर्थात २०२५मध्ये त्या गटाची एकही फेरी निघाली नाही, म्हणून लगेच मेकॅनिकलकडे धावा असं मी सांगणार नाही. इतकंच, की ‘कॉम्प्युटर घेतलं की परदेश पक्का’ हे आपल्याकडचं गृहीतक आता कागदावर टिकत नाही. त्याच वर्षी शिक्षण गटाच्या फेऱ्या ४७९ आणि ४६२वर थांबल्या. बालवाडी शिक्षिकेचं काम त्या गटात येतं. आपल्याकडे ज्या कामाला कुणी करिअर म्हणत नाही, ते तिथे आज सॉफ्टवेअरहून सोपं दार आहे.

पदवीनंतरच्या वर्क परमिटचीही तीच कथा. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. आधी एक वर्षाचा सोपा कोर्स, त्यावर परमिट, नंतर मास्टर्स, असा बेत करणाऱ्यांचं परमिट पहिल्याच कोर्सवर खर्ची पडतं. फेब्रुवारी २०२४पासून दोन वर्षांहून कमी मुदतीच्या मास्टर्सवरही तीन वर्षांचं परमिट मिळू लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून कॉलेजच्या डिप्लोम्यांना मात्र विषयांची यादी लागू झाली. यादीत नसलेल्या विषयाच्या डिप्लोम्यावर परमिट नाही. जून २०२५मध्ये त्या यादीतले बरेच विषय काढले आणि काही दिवसांतच ती छाटणी पुढे ढकलली. ज्याने त्या आठवड्यात फी भरली असेल, त्याच्या घरी काय झालं असेल याची कल्पना करवत नाही.

पहिल्या नोकरीत तर बहुतेकांचं गणित फसतं. कॅनडात कामांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. शून्य ते तीन या पायऱ्यांवरचंच काम ‘कुशल’ म्हणून धरलं जातं. कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा पाचव्या पायरीवर, त्याच दुकानातला सुपरवायझर दुसऱ्या. पगारात तासामागे थोडाच फरक असेल, पण पीआरच्या दृष्टीने पहिल्याचं वर्ष शून्य आणि दुसऱ्याचं पूर्ण. त्यामुळे हुद्द्याच्या नावावर सगळ्यांचा डोळा असतो. अधिकारी मात्र नावावर जात नाही. तो मालकाचं पत्र वाचतो: काय काय काम केलं, आठवड्याला किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पगार किती. मग सरकारी वर्णनातल्या मुख्य कामांशी ते ताडून पाहतो. वर्षाचे १,५६० तास भरावे लागतात, म्हणजे आठवड्याला तीस. एका आठवड्यात साठ तास राबून वर्ष सहा महिन्यांत पुरं होत नाही. शिकत असताना केलेलं काम कॅनेडियन अनुभवाच्या वर्गात धरत नाहीत. स्वतंत्रपणे केलेली कामंही नाहीत. म्हणजे घरी बसून परदेशी ग्राहकांची वेबसाइट बनवणारा हुशार मुलगा पैसे चांगले मिळवतो, पण त्याचं वर्ष या वर्गात धरलं जात नाही. मालकाकडून पत्र नोकरीत असतानाच घ्यावं. नोकरी सोडल्यावर, मॅनेजर बदलल्यावर, दुकान बंद पडल्यावर ते मिळवताना नाकीनऊ येतात.

आणि तरीही, त्या सुपरवायझरच्या नोकरीबद्दल माझ्या मनात भीती आहे. सिव्हिल इंजिनीअर झालेला मुलगा पीआरसाठी तीन वर्षं हॉटेलात पाळ्या लावतो. पीआर येतं. तोवर त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या पुढे गेलेल्या असतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्या तीन वर्षांचाच येतो. कायम वास्तव्य मिळालं, पण जे काम करायला तो तिथे गेला होता त्याचा दरवाजा किलकिला राहिला. कमी पगाराची असली तरी आपल्या क्षेत्रातली तंत्रज्ञाची, ड्राफ्ट्समनची नोकरी लहान गावात मिळत असेल, तर ती घ्यावी असं मी म्हणेन. ती कामंही कुशल पायरीवरच मोडतात.

लहान गावाचा मुद्दा वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. प्रांताने नाव सुचवलं की ६०० गुण मिळतात. मग बाकी बेरजेला अर्थच उरत नाही. अटलांटिक किनाऱ्याच्या चार प्रांतांची स्वतंत्र योजना आहे, आणि तिथेच शिकलेल्या पदवीधराला त्यात आधीच्या अनुभवाची अटही नाही, नोकरी मात्र हवी. २०२५मध्ये सडबरी, थंडर बे, ब्रँडन, मूस जॉ अशा चौदा ठिकाणांसाठी ग्रामीण योजना सुरू झाली. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये एका तळघरात सहाजण राहण्यापेक्षा अशा ठिकाणी भाडं कमी, थंडी जास्त आणि वाट मोकळी. पण प्रांतही शब्द फिरवतात. २०२४च्या सुरुवातीला प्रिन्स एडवर्ड आयलंडने विक्री आणि खाद्यसेवेतल्या कामगारांची नावं सुचवणं एकदम कमी केलं. खास पीआरसाठी त्या बेटावर येऊन राहिलेल्या पदवीधरांनी मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये विधिमंडळासमोर ठिय्या दिला, उपोषण केलं. २०२५साठी तर केंद्रानेच सगळ्या प्रांतांचा मिळून कोटा ५५,००० म्हणजे निम्म्यावर आणला. ज्यांच्याकडे नर्सिंग, सुतारकाम, बालशिक्षण अशी कामं होती, त्यांना अशा वर्षातही प्रांतांनी आधी घेतलं. ज्यांच्याकडे फक्त ‘या प्रांतात नियम सोपे आहेत’ एवढीच माहिती होती, ते बाहेर राहिले.

ऑस्ट्रेलिया आज व्यवसायाला कॅनडाहूनही घट्ट बांधलेला आहे. तिथे आधी व्यवसायाची संस्था तुमची कुवत तपासते: इंजिनीअरला एक, आयटीला दुसरी, परिचारिकेला तिसरी. तो दाखला नसेल तर गुणांच्या रांगेत उभंच राहता येत नाही. किमान गुण ६५ असले तरी ते कुणाला पुरतात आणि कुणाला नाही, हे अकरावीच्या प्रवेशासारखं त्या शाखेला किती जण रांगेत आहेत त्यावर ठरतं. बांधकामातले कारागीर, परिचारिका, शिक्षक बऱ्यापैकी खालच्या गुणांवर जातात. अकाउंटंट आणि सॉफ्टवेअरवाल्यांना बरंच वर जावं लागतं. भारतीय पदवीधरांना व्यापार करारामुळे एक सवलत आहे: मास्टर्सनंतर तीन वर्षं राहून काम करता येतं. पण १ जुलै २०२४पासून त्या व्हिसासाठी वयाची मर्यादा ३५ झाली, त्यामुळे दहा वर्षं नोकरी करून मग शिकायला जाणाऱ्यांनी तारखा नीट पाहाव्यात. मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळा देश ‘प्रादेशिक’ म्हणून धरला जातो. पर्थ आणि अ‍ॅडलेड ही मोठी शहरंही त्यात येतात. तिथे शिकल्याचे ५ गुण, आणि प्रादेशिक नामांकनाचे १५.

इथे मराठी माणसासाठी एक खरीखुरी सोय आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. समाजभाषांच्या दुभाषीपणाची एक परीक्षा ऑस्ट्रेलियात घेतली जाते, आणि मराठी त्या भाषांमध्ये आहे. दोन संवाद ऐकायचे. एकजण इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि आपण एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. विषय दवाखाना, विमा, घरभाडं, शाळा, कोर्ट असे रोजचे. ९०पैकी ६३ गुण मिळाले की पीआरच्या तक्त्यात ५ गुण. आयटी किंवा अकाउंट्सच्या रांगेत ते पाच गुण वर्षभराच्या नोकरीइतके असतात. घरी मराठी बोलणाऱ्या पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांची इथे ‘तारण’, ‘जामीन’, ‘रक्तदाब’, ‘भाडेकरार’ अशा शब्दांवर गाडी अडते. महिनाभर मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं तर बराच फरक पडतो.

जर्मनीत गुणांची शर्यत नाही, आणि तेच तिचं बलस्थान आहे. तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतली की नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पात्रतेला साजेशी नोकरी दोन वर्षं केली, पेन्शनचे हप्ते भरले आणि भाषा बी-वनपर्यंत आली, की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. अट कायद्यात लिहिलेली आहे, कट-ऑफ नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवनची परंपरा आहे, जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकणला आहेत. मेकॅनिकलच्या मुलासाठी हा रस्ता मला कॅनडाहून सरळ वाटतो. ब्रिटनचं दार सध्या मिटत चाललंय: १ जानेवारी २०२७पासून पदवीनंतर राहण्याची मुदत दोन वर्षांवरून १८ महिने होणार आहे आणि जुलै २०२५पासून कुशल व्हिसासाठी सर्वसाधारण पगार ४१,७०० पौंड लागतो. अमेरिकेत सगळं मालकाच्या आणि सोडतीच्या हाती आहे, शिवाय भारतात जन्मलेल्यांना प्रत्येक देशाच्या सात टक्के मर्यादेमुळे ग्रीन कार्डसाठी दशकाहून अधिक काळ रांगेत राहावं लागतं. तिथे पीआर डोळ्यांसमोर ठेवून करिअर आखणं मला व्यर्थ वाटतं. तिथे जायचं ते कामासाठी.

या सगळ्यात सल्ला कुणाचा घ्यायचा? कॉलेजकडून कमिशन घेणारा एजंट त्याच कॉलेजची शिफारस करणार, यात आश्चर्य नाही. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार आणि वकील अशा अधिकृत व्यक्तींनाच आहे, ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेल्या एजंटांना आणि वकिलांना. नाव सरकारी यादीत आहे का हे दोन मिनिटांत तपासता येतं. नोकरीची पत्रं विकण्याचा धंदा कॅनडात इतका बोकाळला, की मार्च २०२५मध्ये सरकारने नोकरीच्या प्रस्तावाचे ५० ते २०० गुणच काढून टाकले. खोटं पत्र पकडलं गेलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटवर येत नाही, मुलावर येते.

परमिट संपत आलं, गुण भरले नाहीत, तर काय? बरीच मुलं त्या भीतीपोटी आणखी एका कोर्सची फी भरतात. त्याआधी हा हिशेब करावा. कॅनडातला अनुभव कॅनेडियन अनुभवाच्या वर्गासाठी तीन वर्षं जिवंत राहतो, आणि अर्ज भारतातूनही करता येतो. ४८९ गुणांची ती मुलगी परत आली, पुण्यात आपल्या क्षेत्रात एक वर्ष नोकरी केली, तर परदेशातल्या अनुभवाचे ३८ गुण तिला मिळतात आणि बेरीज ५२७ होते. वय तिशीच्या आत असलं तर त्यातला एकही गुण कमी होत नाही. त्या वर्षात पगार रुपयांत येतो, कर्जाचे हप्ते चालू राहतात, संध्याकाळी फ्रेंचचा वर्ग करता येतो, आणि तिचं नाव एक्सप्रेस एंट्रीच्या यादीतही ठेवता येतं.